नरिमन पॉइंटला मोटार शर्यत भरवायची, तर आधी रात्री मोजा

नरिमन पॉइंट ते चर्चगेट या भागातील रस्ते बंद करून मोटार शर्यत आणि तिला जोडून तीन दिवसांचा खाद्य-संगीत महोत्सव भरवता येईल का, मार्ग कसा आखावा, परवानग्या कोणाच्या लागतील आणि सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे. सोबत आखलेला नकाशाही पाहिला: मरीन ड्राइव्हवरून उत्तरेकडे, वीर नरिमन मार्गाने उजवीकडे चर्चगेटला, तिथून महर्षी कर्वे मार्गाने मंत्रालयापर्यंत आणि मादाम कामा मार्गाने पुन्हा समुद्रावर, असा सुमारे अडीच किलोमीटरचा फेरा. मी मूळचा रस्ते अभियंता असून वीसेक वर्षे तात्पुरत्या शर्यतमार्गांची बांधणी आणि शर्यतीच्या दिवशीची मार्गव्यवस्था या कामात आहे. माझे उत्तर असे की शर्यत भरवता येईल, पण आपण कामाचा क्रम उलटा धरला आहे. आपण आधी वळणे ठरवलीत. मी आधी रात्री मोजतो, मग गाड्या आणि संघ उतरवायची जागा शोधतो आणि वळणांकडे सर्वांत शेवटी येतो.

रात्री मोजायच्या म्हणजे काय, ते साध्या हिशेबाने सांगतो. मार्गाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे ठोकळे लागतात आणि त्यांवर पोलादी जाळीचे कुंपण चढते. चार मीटर लांब आणि एक मीटर उंच ठोकळा साधारण चार टनांचा धरा. अडीच किलोमीटरच्या दोन बाजू म्हणजे पाच किलोमीटर, म्हणजेच साडेबाराशे ठोकळे आणि पाच हजार टन वजन. एका ट्रेलरवर सहा ठोकळे आले तर दोनशेहून अधिक खेपा होतात. चर्चगेटची शेवटची लोकल एकच्या सुमारास सुटते, पहाटे चारनंतर स्थानक पुन्हा जागे होते आणि पाच वाजता मरीन ड्राइव्हवर चालणारे-धावणारे येऊ लागतात. हातात खरे काम करायला चार तास मिळाले तर ती चांगली रात्र म्हणायची. एक हायड्रा, म्हणजे फिरती क्रेन, तासाला दहा ठोकळे सरळ रेषेत बसवते. चार हायड्रा लावल्या तर रात्रीत एकशे साठ. म्हणजे केवळ ठोकळ्यांनाच आठ रात्री गेल्या, आणि अजून जाळी, टायरचे ढीग, पादचारी पूल, प्रेक्षकसज्जे, विद्युत जनित्रे यांचा पत्ताच नाही. मोनॅकोत १९२९ पासून शर्यत होते, तिथल्या माणसांना प्रत्येक कठडा पाठ आहे, तरीही ३.३३७ किलोमीटरच्या मार्गाच्या बांधणीला तिथे सुमारे सहा आठवडे लागतात. आपल्याला पहिल्या वर्षी त्याहून कमी लागतील असे समजणे धाडसाचे ठरेल.

त्यातही दिवसा रस्ता चालू ठेवायचा असतो. त्यामुळे ठोकळे आधी कडेला मांडून ठेवायचे आणि प्रत्येक इमारतीच्या फाटकासमोर, प्रत्येक बसथांब्यापाशी व प्रत्येक चौकात फट सोडायची. या फटी शेवटच्या रात्री बुजवायच्या. कोणती फट कोणत्या रात्री आणि किती वाजता बंद होणार याचा तक्ता हाच या उपक्रमाचा खरा आराखडा असतो. तो महापालिकेचा ए विभाग, वाहतूक पोलीस, बेस्ट आणि अग्निशमन दल यांच्या सह्यांनिशी तयार झाला नसेल, तर बाकीचे सगळे सादरीकरण पडद्यावरच राहते.

उतरवण्याचे गणित याहून कठोर आहे. रविवारी संध्याकाळी पाचला शर्यत संपली, तर सोमवारी पहाटे पाचला किमान वाहतुकीच्या मार्गिका मोकळ्या झाल्याच पाहिजेत, कारण साडेआठपासून चर्चगेटवर जी माणसे उतरतात ती फटाके पाहायला आलेली नसतात. जाळी आणि सज्जे पुढच्या आठ-दहा रात्रींत निघाले तरी चालते. बांधणाऱ्या टोळ्यांनाच उतरवायला लावू नये. ती माणसे तोवर कित्येक रात्री जागलेली असतात आणि अपघात नेमके तेव्हाच होतात.

आता रस्त्याकडे येऊ, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण शहरी शर्यती वेगामुळे क्वचित बिघडतात, झाकणांमुळे मात्र हमखास बिघडतात. लास व्हेगासच्या फॉर्म्युला वन शर्यतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिल्या सरावाची जेमतेम आठ मिनिटे झाली होती, तेवढ्यात कार्लोस साइन्झच्या फेरारीखाली पाण्याच्या व्हॉल्व्हचे झाकण आले आणि गाडीचा तळ फाटला. पुढचा सराव रात्री अडीचला रिकाम्या सज्ज्यांसमोर झाला, कारण तोपर्यंत प्रेक्षकांना घरी पाठवावे लागले होते. बाकूला २०१९ मध्ये जॉर्ज रसेलची विल्यम्स संघाची गाडी मॅनहोलच्या झाकणावरून गेली आणि तिचाही सराव तिथेच संपला. तिला परत नेणाऱ्या वाहनाची क्रेन वाटेत पुलाला धडकली आणि त्यातले तेल गाडीवर सांडले, हा त्यावरचा कळस.

असे का होते? शर्यतीच्या गाडीचा तळ रस्त्यापासून काही सेंटिमीटरवर असतो आणि त्याखालून हवा वेगाने गेल्यामुळे तिथला दाब उतरतो. गाडी रस्त्याला चिकटून राहते ती त्यामुळेच. तीच ओढ झाकणालाही बसते. साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणाचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर भरते. वरचा दाब वातावरणाच्या दाबापेक्षा केवळ तीन टक्क्यांनी उतरला, तरी त्या झाकणावर पंच्याऐंशी किलोंहून अधिक वजनाइतका वर खेचणारा जोर येतो. आपल्याकडची कितीतरी झाकणे त्याहून हलकी असतात.

इतर शहरांत यावर झाकणाला चार ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारतात. मुंबईत ते सरसकट करता येत नाही, आणि बाहेरून आलेल्या सल्लागारांना हे सांगूनही चटकन पटत नाही. या शहराला पाणी चोवीस तास मिळत नाही. विभागवार, ठरलेल्या तासांना सोडले जाते, आणि ते सोडण्यासाठी महापालिकेचा चावीवाला लांब दांड्याची लोखंडी चावी घेऊन रस्त्यावरच्या व्हॉल्व्हपाशी येतो, झाकण उचलतो, चावी खाली उतरवतो आणि आटे मोजत फिरवतो. ते झाकण तुम्ही शुक्रवारी रात्री वेल्ड केले, तर शनिवारी सकाळी मागच्या गल्लीतल्या इमारतींच्या टाक्या कोरड्या राहतील आणि दुपारी तुमच्या प्रवेशद्वाराशी मोर्चा उभा असेल. तिथे टाका नव्हे, आतल्या चौकटीला नटबोल्टने आवळलेले झाकण हवे, आणि सराव व शर्यतीच्या वेळा पाण्याच्या वेळांशी जुळवून घेतलेल्या हव्यात. मलनिस्सारण, पर्जन्यजल, पाणी, बेस्टच्या वीजवाहिन्या, दूरध्वनी, गॅस अशा प्रत्येकाची झाकणे वेगळी, मालक वेगळे आणि नकाशे वेगळे. त्यांतील कोणताही नकाशा जमिनीवरच्या वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळलेला मी अद्याप पाहिलेला नाही.

एका शहरात मला याची किंमत मोजावी लागली. मार्गावर नवा डांबरी थर टाकला होता, सर्व झाकणांना पिवळ्या रंगाने क्रमांक दिले होते, यादी आणि रस्ता जुळत होता. चाचणीच्या फेरीत, तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, डांबरावर ताटाएवढा गोल तडा उमटला. कंत्राटदाराने यादीत नसलेले एक जुने झाकण तसेच डांबराखाली गाडून टाकले होते. त्या रात्री आम्ही दोघे-तिघे लोखंडी कांब घेऊन पूर्ण मार्गावर दर फुटाला ठोकत चाललो. भरीव जागी ठक्क असा आवाज येतो आणि पोकळीवर तो घुमतो. अशी आणखी दोन झाकणे सापडली. तेव्हापासून डांबर टाकण्यापूर्वी धातुशोधक यंत्राने पाहणी झाल्याखेरीज मी सही करत नाही. कांबही जवळ ठेवतोच.

पृष्ठभागाचे बाकीचे नियम कोरडे आहेत, पण ते पाळावे लागतात. एफआयए या जागतिक मोटार-क्रीडा संघटनेच्या निकषांप्रमाणे सरळ भागावर पाण्याच्या निचऱ्यासाठीचा आडवा उतार दीड ते तीन टक्क्यांच्या दरम्यान असावा आणि गाड्या सुटतात तिथे रुंदी पंधरा मीटर असावी. गतिरोधक, कॅट-आय (रस्त्यात बसवलेले चमकणारे परावर्तक), झेब्रा पट्ट्यांचा जाड थर काढावा लागतो, कारण ओल्या थर्मोप्लास्टिकवर चाक साबणावर गेल्यासारखे जाते. महापालिकेने अलीकडे अनेक रस्ते काँक्रीटचे केले आहेत. त्यांच्या सांध्यांवर हादरे बसतात आणि डांबरी रस्ता जिथे काँक्रीटला मिळतो तिथे पकड एकदम बदलते. असा बदल वळणाच्या ऐन मध्यावर येत असेल, तर वळण हलवावे. चौकांतले पेव्हर ब्लॉक उखडून तिथे डांबर भरण्याला पर्याय नाही.

मरीन ड्राइव्हबद्दल माझे मत आपल्याला रुचणार नाही. दूरदर्शनवर तो अप्रतिम दिसेल, यात शंका नाही. परंतु समुद्राकडच्या पदपथावर प्रेक्षक उभे केले, तर त्यांच्या पाठीशी कठडा व त्याखाली टेट्रापॉड आणि समोर साडेतीन मीटर उंचीची जाळी असेल. चेंगराचेंगरीची चिन्हे दिसली तर पळायला फक्त दोन टोके उरतात. ४ जुलै २०२४ रोजी विश्वचषक जिंकून आलेल्या क्रिकेट संघाच्या मिरवणुकीला इथे जो जनसागर लोटला होता, तो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. गर्दी ओसरल्यावर रस्त्यावर राहिलेल्या चपला-बुटांचा खच त्यापेक्षा अधिक सांगून जातो. म्हणून पदपथ पूर्ण रिकामा ठेवावा आणि शर्यतीसाठी फक्त इमारतींच्या बाजूचा रस्ता वापरावा. समुद्राकडचा रस्ता रुग्णवाहिका, अग्निशमन आणि बाहेर पडणाऱ्या लोकांसाठी राखून ठेवावा. सज्जे थोडे आणि तिकिटाचे असावेत. फुकट पाहण्याची सोय म्हणजे लोकशाही, असे नेत्यांना वाटते. सुरक्षेच्या दृष्टीने मोजता न येणारी गर्दी ही सर्वांत वाईट.

दिशा आपण घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ठेवली आहे, ती योग्य आहे. बहुधा नकळत ठेवली असावी. डिसेंबरात सूर्य नैर्ऋत्येला मावळतो. मरीन ड्राइव्हवरून दक्षिणेकडे येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत साडेचारनंतर तो थेट घुसेल, तर उत्तरेकडे जाणाऱ्याच्या पाठीवर राहील.

चर्चगेट स्थानकासमोरून मार्ग नेण्यास मात्र माझा ठाम विरोध आहे. भुयारी मार्ग आहे, मेट्रो-३ ची मार्गिकाही आहे, हे मान्य. तरी स्थानकाचे तोंड बांधून घेणे म्हणजे पश्चिम उपनगरांशी भांडण घेणे आहे. महर्षी कर्वे मार्ग सोडावा आणि त्याऐवजी अलीकडचा दिनशा वाच्छा मार्ग घ्यावा. फेरा लहान होईल, वळणे अरुंद होतील, पण स्थानक मोकळे राहील आणि ओव्हल मैदानाच्या कडेचा रस्ताही वाचेल. ओव्हलच्या दोन बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारती २०१८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत, त्यामुळे तिथे खिळा ठोकायचा झाला तरी वारसा समितीपुढे जावे लागते.

कोणताही बंद फेरा शहरात एक बेट तयार करतो. आतल्या इमारतींत रुग्ण, वृद्ध, परीक्षा देणारी मुले आणि लग्नाच्या तारखा असतात. प्रत्येक घरटी ओळखपत्र, ठरावीक वेळांना उघडणारी दोन वाहनफाटके, पादचारी पूल, आणि आत कोणाला हृदयविकाराचा झटका आला तर लाल बावटा दाखवून शर्यत थांबवण्याचा लेखी अधिकार, एवढे किमान हवे. हा अधिकार आयोजकाकडे नव्हे, क्लार्क ऑफ द कोर्सकडे, म्हणजे शर्यतीचे संचालन करणाऱ्या मुख्य अधिकाऱ्याकडे असावा. त्या माणसावर प्रायोजकांचा दबाव येतो, म्हणून तो संस्थेबाहेरचा असणे उत्तम. भटक्या कुत्र्यांचा विषय हसण्यावारी नेऊ नका: २०११ मध्ये ग्रेटर नोइडाला, भारतातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या पहिल्याच सरावात कुत्रा मार्गावर आल्याने खोळंबा झाला होता. त्यांना पकडून नेण्याच्या फंदात पडण्यापेक्षा रोज खाऊ घालणाऱ्या स्थानिकांना विश्वासात घेऊन, त्या दोन दिवशी खाण्याची जागा फेऱ्याबाहेर हलवणे सोपे असते आणि कायद्यालाही धरून असते.

परवानग्यांत पहिली पायरी बहुतेकांना ठाऊक नसते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावणे किंवा तिच्यात भाग घेणे हा गुन्हा आहे. म्हणजे पोलिसांचे ना हरकत पत्र मिळाले म्हणजे झाले, असे नाही. त्यानंतर एफएमएससीआय ही मोटार-क्रीडेची राष्ट्रीय संस्था, तिच्यामार्फत एफआयएची मार्गमान्यता, मग महापालिका, सागरी किनारा नियमन, झाडांच्या फांद्यांसाठी वृक्ष प्राधिकरण आणि सज्ज्यांच्या मजबुतीचे दाखले. घाटकोपरला मे २०२४ मध्ये महाकाय फलक कोसळून माणसे गेल्यापासून फलकांबाबत कोणीही डोळे मिटून सही करणार नाही, आणि करूही नये. समुद्रावरच्या वाऱ्यात जाळीवर बांधलेले प्रायोजकांचे कापड शिडासारखे फुगते. ते फाटले तरी चालेल, पण जाळी हलता कामा नये.

शेवटची तपासणी शर्यतीच्या सकाळवर ढकलू नये. चेन्नईत आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरच्या मार्गावर रात्रीची शर्यत झाली, तेव्हा ३१ ऑगस्ट २०२४ रोजी पावसाने काम रेंगाळले, एफआयएच्या परवान्यासाठी उच्च न्यायालयाकडून मुदत वाढवून घ्यावी लागली आणि प्रेक्षक ताटकळले. त्यांची मूळ तारीख डिसेंबर २०२३ ची होती आणि ती मिचौंग चक्रीवादळाने घेतली होती. त्यांच्याकडे एक गोष्ट मात्र भक्कम होती: आयलंड ग्राउंड्सचे मोकळे मैदान, म्हणजे पॅडॉकला, संघ आणि गाड्यांच्या तळाला, हक्काची जागा.

नरिमन पॉइंटला नेमके तेच नाही. ट्रक, गॅरेजचे तंबू, टायर बसवण्याची जागा, इंधन किंवा चार्जिंग, वैद्यकीय केंद्र, तपासणी कक्ष यांना सलग, सपाट, कुंपण घालता येईल अशी जमीन लागते. ओव्हल मिळणार नाही आणि मागूही नये. रस्त्यावरच पॅडॉक मांडायचा, तर आणखी एक रस्ता दोन आठवडे गमवावा लागतो. म्हणून दक्षिण मुंबईचाच आग्रह असेल तर मी बॅलार्ड इस्टेट सुचवतो. बंदराच्या खोदकामातून निघालेल्या मातीवर वसवलेला, जॉर्ज विटेटने आखलेला हा भाग शनिवार-रविवारी इतका ओस पडतो की तिथे चित्रीकरणे चालतात. मालक मुख्यतः एकच, बंदर प्राधिकरण, आणि मागे बंदराची जमीन असल्याने पॅडॉकची बोलणी एका टेबलावर होऊ शकतात. सीएसएमटी पायी अंतरावर आहे. उणिवाही सांगतो: नौदलाची गोदी शेजारी असल्याने ड्रोनने चित्रण विसरावे लागेल, रस्ते इमारतींना घासून जातात, गाडी निसटली तर थांबायला जागा नाही, त्यामुळे वेग उतरवणारी वळणे घालावी लागतील, आणि सेंट जॉर्जेस रुग्णालय जवळ असल्याने शंभर मीटरचा शांतता परिसर पाळावा लागेल. या शेवटच्या अडचणीवर विजेच्या गाड्या हा प्रामाणिक उपाय आहे. फॉर्म्युला ई ही मालिका शहरी रस्ते डोळ्यांसमोर ठेवूनच २०१४ पासून चालते. हैदराबादला हुसेनसागरच्या काठी ११ फेब्रुवारी २०२३ रोजी तिची शर्यत झाली.

त्या हैदराबादचाच दुसरा धडा पैशांचा आहे. राज्यात सरकार बदलले आणि २०२४ ची शर्यत रद्द झाली. अमेरिकेत बाल्टिमोरने २०११ मध्ये शहराच्या मध्यभागी गाजावाजाने शर्यत आणि उत्सव भरवला, पहिल्याच वर्षी आयोजक कर्जात बुडाला आणि २०१३ नंतर ती शर्यत झाली नाही. ठोकळे आणि जाळी हा खर्च पाच वर्षांत विभागला तरच पेलतो. एका वर्षाचा करार असेल तर कामाला हात घालू नये. वर्षातले उरलेले आठवडे ते साडेबाराशे ठोकळे कुठे ठेवायचे, हेही करारातच लिहावे. रस्त्यांच्या कामांना अडथळे म्हणून भाड्याने देणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

महोत्सव शर्यतीच्या फेऱ्यात कोंबू नये. क्रॉस मैदानासारख्या, स्थानकातून चालत पोहोचता येणाऱ्या आणि मार्गाबाहेरच्या जागी तो भरवावा, म्हणजे शर्यत लांबली तरी जेवण थांबत नाही आणि गाणे लांबले तरी शर्यत थांबत नाही. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतात हे गृहीत धरून कलाकारांच्या वेळा लावाव्यात. ध्वनिक्षेपकांना वेळेची सूट मिळणाऱ्या दिवसांवर कार्यक्रम उभारू नये.

तारखेबाबत माझी सूचना डिसेंबरचा दुसरा किंवा तिसरा आठवडा. पाऊस नाही, हवा सुसह्य. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला असल्याने विधान भवन आणि मंत्रालयाचा बराचसा राबता तिकडे गेलेला असतो. शनिवारी मंत्रालय बंद असते आणि उच्च न्यायालयाचे कामकाजही नसते, त्यामुळे सराव आणि पात्रता फेरी शनिवारी, शर्यत रविवारी, असे दोनच दिवस घ्यावेत. शुक्रवार मागू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीसाठी पोलीस बळ दादरला असते, तो आठवडा पूर्ण वर्ज्य. महिनाअखेर मरीन ड्राइव्हवर नववर्षाची गर्दी आणि जानेवारीत मॅरेथॉन, म्हणून पुढे सरकण्यासही वाव नाही.

सुरुवात सल्लागार नेमून करू नका. ए विभागाच्या पाणी खात्यात जाऊन आपल्या मार्गावरच्या व्हॉल्व्हची यादी आणि पाणी सोडण्याच्या वेळा लेखी मागा, मग एका रात्री चावीवाल्याबरोबर पूर्ण फेरा पायी चाला. त्या फेरीत हातात आलेली यादी आणि आपण मोजलेली झाकणे यांतला फरक मला कळवा. किती रात्री लागतील ते त्यावरून सांगता येईल.